तंबोऱ्याचा भोपळा भीमाकाठचा

मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला, म्हणजे तंबोऱ्याला, २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मिरजेच्या कारागिरांचं कौतुक झालं. ते रास्तच होतं. पण या वाद्यांत जो घुमतो तो भोपळा मुख्यतः आपल्या सोलापूर जिल्ह्यातला आहे, हे सोलापुरातल्याच कितीतरी गाणाऱ्यांना ठाऊक नसतं. पंढरपूर, बेगमपूर या भीमाकाठच्या पट्ट्यात तो पिकतो.

हा भोपळा कडू. भाजीला चालत नाही, पण कडूपणामुळे कीड सहसा लागत नाही आणि साल टणक होते. फळ वेलीवर पुरतं पिकू द्यायचं, मग महिनोन्महिने सुकवायचं. ओल राहिली तर सगळी मेहनत वाया. मोठ्या घेराचा भोपळा पुरुषांच्या आवाजाच्या मर्दानी तंबोऱ्याला, त्याहून लहान बायकांच्या आवाजाच्या जनानी तंबोऱ्याला, आणखी लहान सतारीला. म्हणजे वाद्याची पट्टी, त्याचा मूळ सूर किती उंच ते, काही अंशी शेतातच ठरते!

मिरजेत वाद्यं घडवण्याचं काम १९व्या शतकाच्या मध्याला सुरू झालं. शिकलगार मूळचे हत्यारांना धार लावणारे. इंग्रजी अमलात तलवारींचं काम आटलं. पटवर्धन संस्थानिकांकडे गवई येत, त्यांची वाद्यं दुरुस्त करता करता फरीदसाहेब शिकलगार नवी वाद्यं घडवू लागले. पुढे किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले आणि अशा कानाचा गवई शेजारी असणं कारागिरांना लाभलं. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा पृष्ठभाग घासून, तारेखाली दोरा सरकवून जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, काढायची, ती शेवटी कानानेच. तंबोऱ्याच्या चार तारा छेडल्या की न छेडलेला गंधार, म्हणजे ‘ग’ हा स्वरही, ऐकू येतो, तो तिच्यामुळे.

पेटी मात्र बाहेरून आली. १९व्या शतकात युरोपातून हार्मोनियम आलं, कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी ते मांडी घालून वाजवण्याजोगं केलं आणि भजनी मंडळांनी ते आपलंसं केलं. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत त्याला बंदी घातली होती, तरी गावोगावची पेटी वाजतच राहिली.

१९७९ मध्ये बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा बनवला. आता तो मोबाइलमध्येच मिळतो. एकट्याने रियाज करणाऱ्याला त्याचा खरा आधार आहे, कुणाला तंबोऱ्यावर बसवावं लागत नाही. तरी लाकूड आणि भोपळा एकत्र घुमताना छातीला जे जाणवतं ते त्या डब्यात मला कधी सापडलं नाही.

भीमाकाठच्या भोपळ्याला दुसरंही घर आहे. दिंडीतल्या विणेकऱ्याच्या खांद्यावरची वीणा. तिचा भोपळा मिरजेला जाऊन, घडून, आषाढीला पुन्हा त्याच नदीच्या वाळवंटात वाजतो.