पोटात पू, रक्तात साखर

आयसीयूच्या दाराशी नातेवाइकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "डॉक्टर, आमच्यात कुणालाच शुगर न्हाई, मग ह्यास्नी कुठनं आली?" गगनबावड्याकडून कोल्हापुरात आणलेला रुग्ण. जठरातला अल्सर (जखम) फुटून दोन दिवस झालेले, पोट फळीसारखं कडक, आणि बोट टोचल्यावर ग्लुकोमीटरवर २६०.

हे कोडं जुनंच आहे. फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी १८७७ मध्येच लिहून ठेवलं होतं की रक्तस्रावानंतर साखर वाढते. १९३६ मध्ये माँट्रियलला हान्स सेल्ये यांनी उंदरांना थंडी, इजा, विष असं काहीही दिलं, तरी अ‍ॅड्रिनल ग्रंथी (मूत्रपिंडांवरच्या) सुजायच्या आणि थायमस (छातीतली प्रतिकारशक्तीची ग्रंथी) आक्रसायची. म्हणजे मार कुठलाही असो, शरीराची ओरड एकच. पोटात पू झाला की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी अ‍ॅड्रिनलला हाकारते, कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढतं, यकृत साखर सोडतं आणि इन्सुलिनला कुणी जुमानत नाही. थायरॉइडचं टी-३ हे संप्रेरकही उतरतं, पण त्याला चालना देणारं टीएसएच वाढत नाही. अशा वेळी थायरॉइडचा रिपोर्ट काढला तर गोंधळच वाढतो.

पुढचा इतिहास मात्र डॉक्टरांच्या घाईचा आहे. सूज आवरेल या आशेनं १९७० च्या दशकात स्टेरॉइडचे (कॉर्टिसॉलसारख्या औषधांचे) प्रचंड डोस दिले गेले. १९८७ च्या दोन मोठ्या चाचण्यांत त्यांचा काही उपयोग दिसला नाही. चढलेलं कॉर्टिसॉलही कमी पडत असेल म्हणून २००२ पासून स्टेरॉइड कमी डोसात परत आलं. हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडनं शॉक (कोसळलेला रक्तदाब) लवकर सावरतो. जीव वाचतो का, यावर २०१८ च्या दोन चाचण्यांचंही एकमत झालं नाही. साखरेचंही तेच. २००१ मध्ये बेल्जियमच्या ल्यूव्हनमधून सल्ला आला, ८० ते ११० मध्येच ठेवा. २००९ मध्ये सहा हजारांवर रुग्णांच्या चाचणीत अशा कडक बंदोबस्तात मृत्यू जास्त झाले. तेव्हापासून १८० च्या आत राहिली तरी पुरे.

मला सर्वांत चक्रावणारा निष्कर्ष वाटतो तो २०१३ चा, तोही ल्यूव्हनचाच: कॉर्टिसॉल वाढतं ते फार तयार होतं म्हणून कमी, ते मोडायचं मंदावतं म्हणून जास्त. नळ थोडाच मोठा, मोरीच तुंबलेली.

नातेवाइकांना मी एवढंच सांगतो: पोट उघडून पू धुतला, भोक शिवलं, की बहुतेकांना द्यावं लागणारं इन्सुलिन काही दिवसांत बंद होतं. तरीही एचबीएवनसी ही रक्ततपासणी पाठवतोच. तिचा रिपोर्ट मागच्या तीन महिन्यांच्या साखरेचा हिशेब देतो (रक्त चढवलं असेल तर फसवतोही). तो आकडा साडेसहाच्या वर आला, तर शुगर बहुधा घरूनच आलेली असते.