सीलला भोक पडलं की माणूस फुटतो?

विज्ञानकथांतल्या यांत्रिक चिलखतांबद्दल एक समज वर्षानुवर्षं फिरतो: हवाबंद सीलला टाचणीएवढं भोक पडलं की अंतराळात आतला माणूस क्षणात फुटतो.

भीती समजण्यासारखी आहे, पण हिशेब वेगळा निघतो. खऱ्या अमेरिकी अंतराळ पोशाखात शुद्ध ऑक्सिजन असतो आणि दाब वातावरणाच्या जेमतेम 0.3 पट. म्हणजे 1 मिमी भोकावर जोर फक्त दोन-अडीच ग्रॅम वजनाइतका! त्यातून मिनिटाला तीन-साडेतीन ग्रॅम ऑक्सिजन निसटेल. टाकी तेवढी भर घालत राहिली तर परतायला वेळ मिळतो. गाडीच्या टायरमध्ये दाब कितीतरी जास्त, तरी खिळा घुसल्यावर तो बहुधा हळूहळूच बसतो. हे कुणीही पाहू शकतं.

सील पूर्ण निकामी झालं तर धोका खराच, पण तो फुटण्याचा नाही. 1966 मध्ये निर्वात कक्षातल्या चाचणीत पोशाखात दाब राखणारी नळी सुटली, माणूस सुमारे 14 सेकंदांत बेशुद्ध पडला आणि दाब परत येताच शुद्धीवर आला. त्वचा शरीराला धरून ठेवते. जीव जातो तो ऑक्सिजनअभावी.

मनगट, खांदा, कंबर इथल्या फिरत्या सांध्यांतून तर थोडी गळती गृहीतच असते. म्हणून बाहेर पडण्याआधी पुरवठा बंद करून दाबमापकाचा काटा किती उतरतो ते बघतात.