सॅलप की श्रॉपशर?

पुण्याच्या कॅम्पातली श्रूजबेरी बिस्किटे ज्या गावाचे नाव लावतात, ते श्रूजबरी म्हणजे इंग्लंडमधल्या श्रॉपशर काउंटीचे मुख्य ठिकाण. पहिले अक्षर ‘श्रू’ की ‘श्रो’ यावर खुद्द तिथल्या लोकांचे एकमत नाही. मग आपण ‘बरी’चे ‘बेरी’ केले तर काय बिघडले!

खरा घोळ काउंटीच्या नावाचा आहे. जुने इंग्रजी नाव जिभेची परीक्षा पाहणारे. 1086च्या डूम्सडे या जमीनमोजणीच्या नोंदवहीत ते ‘सिरोपेशिर’सारखे दिसते. इंग्लंड जिंकून बसलेल्या फ्रेंचभाषक नॉर्मनांना सुरुवातीचे जोडाक्षर पेलेना, म्हणून त्यांनी ‘स’ आणि ‘ल’ घालून ते सोपे केले. त्यातून ‘सॅलप’ आले आणि गाव व काउंटी दोघांनाही चिकटले. पाकिटावर पत्ता लिहायला आटोपशीर, म्हणून टिकलेही. इथला माणूस आजही ‘सॅलोपियन’.

पण बोलीतले टोपणनाव वेगळे आणि सरकारी पाटी वेगळी. 1974च्या स्थानिक कारभाराच्या फेररचनेत काउंटीची हद्द जवळपास होती तशीच राहिली, कायद्यात नाव मात्र ‘सॅलप’ लागले. कागदोपत्री सोय यापलीकडे त्याला समर्थन सापडत नाही. त्यात भर म्हणजे फ्रेंचमध्ये अगदी तसाच शब्द बाईला दिलेली गलिच्छ शिवी आहे. युरोपीय संसदेच्या मतदारसंघालाही हेच नाव जोडले गेल्यावर हसे झाले नसते तरच नवल. 1980मध्ये ‘श्रॉपशर’ परत आले.

मेंढ्या, टेकड्या, काळ्या-पांढऱ्या लाकडी चौकटींची घरे ही या काउंटीची ओळख. पण सेव्हर्न नदीवरचा 1779चा लोखंडी पूलही इथलाच. ओतीव लोखंडाचा एवढा पूल तोवर कोणी बांधला नव्हता, त्यामुळे त्याचे सांधे सुतार लाकडाला घालतात तसे खाचा-पाचरांचे आहेत. त्याच कोळसापट्ट्यात 1960च्या दशकात टेलफर्ड हे नवे शहर वसवले गेले. त्याचा कारभार 1998पासून वेगळा झाला. 2009मध्ये उरलेल्या भागातली तालुका मंडळे मोडून एकच परिषद आली आणि तिनेही ‘श्रॉपशर’ हेच नाव घेतले. आता हा शब्द कधी नव्या शहरासकट, कधी ते वगळून वापरतात. फुटबॉलच्या मैदानावर मात्र ओरडा अजून ‘सॅलप’चाच.