केसाएवढी रेघ

भाचीच्या लग्नाची इंग्रजी पत्रिका छापून आली. वधूवरांची नावं झोकात दिसत होती, पण खालचा हॉलचा पत्ता वाचायला भिंग घ्यावं लागलं. 'एच' अक्षराचे दोन खांब ठसठशीत आणि त्यांना जोडणारी आडवी रेघच गायब! टाइप, म्हणजे फॉन्ट, होता बोदोनी. चूक छापणाऱ्याची नव्हती, टाइप निवडणाऱ्याची, म्हणजे माझी.

जांबात्तिस्ता बोदोनी (१७४०–१८१३) हा इटलीतल्या पार्माच्या ड्यूकचा मुद्रक; टाइपाला नाव त्याचंच. त्याच काळात पॅरिसमध्ये दिदो घराणं याच धर्तीची अक्षरं घडवत होतं. 'व्होग' मासिकाचं नाव छापतात ते याच वळणाचं. उभ्या रेघा जाड, आडव्या केसाएवढ्या आणि टोकांना सरळ, सपाट सेरिफ, म्हणजे रेघेच्या टोकाला काढलेली छोटी आडवी रेघ. ही जाड-बारीक आली टोकदार निबेतून. आपल्या बोरूत जाडी ठरते ती टोकाचा तिरका काप आणि हाताची दिशा यांवरून. टोकदार निबेत ती दाबावरून ठरते. खाली ओढताना दाब दिला की निबेची दोन पाती फाकतात आणि रेघ फुगते. आडवं जाताना पाती मिटलेलीच राहतात.

अशी रेघ छापायची तर कागदही गुळगुळीत हवा. बर्मिंगहॅमचा मुद्रक जॉन बास्करव्हिल याने १७५७मध्ये व्हर्जिलच्या काव्याच्या आवृत्तीसाठी तसा कागद वापरला. बोदोनीला त्याच्या कामाचं फार कौतुक होतं.

आता डोळ्याचा हिशोब. १० पॉइंट टाइपाची उंची साधारण साडेतीन मिलिमीटर. बारीक रेघ तिच्या पन्नासाव्या हिश्शाएवढी धरली तर ०.०७ मिलिमीटर. हातभर अंतरावरून, म्हणजे ४० सेंटिमीटरवरून, निरोगी डोळ्याला बारकावे सुटे दिसण्याची मर्यादा सुमारे ०.१२ मिलिमीटर. त्याहून बारीक काळी रेघ अगदीच नाहीशी होत नाही, पण डोळ्यात ती पसरते आणि फिकट करडी दिसते. शाई जरा कमी लागली की तीही जाते. मग उरतात नुसते उभे खांब, खिडकीच्या गजांसारखे. जुन्या संगणकाच्या पडद्यावर तर एकेक ठिपकाच पाव मिलिमीटरचा. तिथे ही रेघ एक तर करडी होते, नाहीतर जाडजूड.

बोदोनीला हे ठाऊक होतं. तो प्रत्येक आकाराचे ठसे वेगळे कोरायचा आणि लहान आकारात बारीक रेघ त्या मानाने जाड ठेवायचा. पुढे अक्षराचं एकच चित्र हवं तेवढं लहानमोठं करायची सोय झाली आणि हे शहाणपण बऱ्याच ठिकाणी गळालं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला टाइप घडवणाऱ्या जोनाथन हॉफलरने 'हार्पर्स बझार' मासिकासाठी दिदो टाइप नव्याने घडवला तेव्हा पुन्हा सात आकारांसाठी सात वेगळी रेखाटनं केली.

मी मात्र नावांचा टाइप तसाच लहान करून पत्त्याला लावला होता. पुन्हा छापायला वेळ नव्हता. शेवटी पत्ता सगळ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवला.