पोट न फाडता खडा निघू लागला, त्यामागची गोष्ट

मुंबईत ‘दुर्बिणीतून खडे काढले’ असं कुणी सांगितलं, तर कोणती दुर्बीण हे जरूर विचारावं. पित्ताची पिशवी काढतात ती लॅपरोस्कोपीने, पोटाला छोटी भोकं पाडून. भारतात ती शस्त्रक्रिया डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये जे. जे. रुग्णालयात सुरू केली. पण पिशवीतून निसटून पित्तनलिकेत, म्हणजे पित्त आतड्यात नेणाऱ्या नळीत, अडकलेला खडा तोंडावाटे दुर्बीण आत घालून काढतात. ती ईआरसीपी, आणि ती लॅपरोस्कोपीच्या आधीपासूनची आहे.

त्यापूर्वी एकच वाट होती. पोट उघडायचं, नलिका चिरून खडा काढायचा आणि पित्त वाहून जायला टी आकाराची नळी ठेवायची. म्हाताऱ्या, काविळीने खंगलेल्या पेशंटला हे सोसणं फार कठीण.

वाट मोकळी केली काचतंतूंनी. १९५४ मध्ये लंडनमध्ये हॉपकिन्स आणि पंजाबातल्या मोग्याचे नरिंदर सिंग कपानी यांनी तंतूंच्या जुडग्यातून चित्र वाहून नेता येतं हे दाखवलं. १९५७ मध्ये हिर्शोविट्झ यांनी त्यातून वाकणारी दुर्बीण केली. १९६८ मध्ये अमेरिकेत मॅक्यून यांनी लहान आतड्यात उघडणाऱ्या नलिकेच्या तोंडात बारीक नळी घालून एक्स-रेत दिसणारं औषध सोडलं आणि एक्स-रे काढला. पुढे जपानी डॉक्टरांनी बाजूला बघणारी दुर्बीण वापरून हे काम हातखंडा केलं.

तोवर खडा फक्त दिसत होता. १९७४ मध्ये जर्मनीत क्लासेन आणि डेमलिंग, तर जपानात कावाई यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, विजेच्या तारेने नलिकेचं तोंड कापून रुंद केल्याचं जाहीर केलं. आता खडा जाळीत पकडून किंवा फुग्याने ओढून आतड्यात सोडता येऊ लागला. माझ्या मते खरी क्रांती हीच.

तिचं मोल कळतं ते नलिकेत पू झाल्यावर. १९९२ च्या हाँगकाँगमधल्या अभ्यासात अशा गंभीर रुग्णांपैकी शस्त्रक्रियेनंतर ३२ टक्के दगावले, दुर्बिणीने पित्त वाहतं केल्यावर १० टक्के. म्हणूनच थंडी वाजून ताप आणि सोबत कावीळ ही त्याची लक्षणं दिसत असताना गळ्यात काविळीची माळ घालून वाट पाहत बसलेलं घर बघवत नाही.

धोकाही आहे, मुख्यतः स्वादुपिंडाला सूज येण्याचा. अमेरिका-कॅनडातल्या १९९६ च्या मोठ्या अभ्यासात नलिकेचं तोंड कापलेल्यांपैकी ५.४ टक्के जणांना ती आली. खडा मोठा असल्याने लगेच निघत नसेल तर डॉक्टर तात्पुरता प्लास्टिकचा स्टेंट, म्हणजे पित्त वाहतं ठेवणारी छोटी नळी, ठेवतात. तो साधारण तीन महिन्यांत काढावा किंवा बदलावा लागतो, नाहीतर तुंबतो. बरं वाटलं म्हणून गावी गेलेल्या पेशंटनेही ती तारीख चुकवू नये.