चाळिशीनंतरची करंगळी

गिटार मनावर घेऊन शिकायला लागले की पहिले काही आठवडे सगळे लक्ष बोटांच्या टोकांकडे असते. तारांनी ती हुळहुळी होतात, मग तिथली कातडी जाड होते आणि तो प्रश्न मिटतो. करंगळीचा प्रश्न इतक्या लवकर मिटत नाही. चौथ्या फ्रेटवर (गिटारच्या दांड्यावरच्या चौथ्या आडव्या पट्टीवर) तिने नेमके उतरावे म्हणून आपण आटापिटा करतो आणि ती हवेत ताठ उभी राहते, नाहीतर उतरताना अनामिकेलाही ओढून नेते. पंचेचाळिशीचा माणूस मग चटकन म्हणतो, वय झाले, आता हात वळायचा नाही.

एक करून पाहा. हात टेबलावर पालथा ठेवा, मधले बोट दुमडून तळहाताखाली घ्या आणि अनामिका उचला. बहुतेकांची जागची हलत नाही, आणि लहान मुलांचीही हीच गत होते. बोटे वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपराच्या खाली असतात आणि लांब कंडरांनी, म्हणजे स्नायू हाडांना जोडणाऱ्या दोऱ्यांनी, बोटे ओढतात. तर्जनीला बऱ्यापैकी स्वातंत्र्य असते, पण मधले बोट, अनामिका आणि करंगळी यांना मिटवणारा खोलवरचा स्नायू बराचसा सामाईक असतो. हाताच्या पाठीवरच्या कंडराही आडव्या पट्ट्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. तेव्हा करंगळीचा दोष वयावर टाकू नये.

ही गुंतवण सरावाने सुटत नाही, मेंदू ती सांभाळून घ्यायला शिकतो. १९९५ साली थॉमस एल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी तंतुवादकांचे मेंदू तपासले. तारा दाबणाऱ्या डाव्या हाताच्या करंगळीच्या स्पर्शाला मेंदूत मिळालेली जागा न वाजवणाऱ्यांपेक्षा मोठी होती. अंगठ्याच्या बाबतीत फरक कमी होता आणि उजव्या हाताच्या बोटांत तो दिसलाच नाही. लहानपणी सुरुवात केलेल्यांमध्ये हा बदल जास्त होता, हे मान्यच करायला हवे.

पण उशिरा शिकणाऱ्याचा मेंदू दगड झालेला नसतो. २००८ साली जर्मन संशोधकांनी साठीच्या आसपासच्या लोकांना तीन चेंडू हवेत झेलत ठेवायला शिकवले. तरुणांच्या मानाने फार कमी जणांना ते नीट जमले. ज्यांना जमले, त्यांच्या मेंदूतला चेतापेशींनी भरलेला करडा भाग काही ठिकाणी वाढला होता. सराव थांबल्यावर ती वाढ ओसरलीही. मला यातला शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो: रविवारी एकदम तीन तास बसण्यापेक्षा रोजची वीस मिनिटे का बरी, ते इथे कळते.

त्यात झोपेचाही वाटा आहे. २००२ सालच्या एका प्रयोगात तरुणांनी डाव्या हाताच्या चार बोटांनी ठरावीक क्रमाने कळा दाबायच्या होत्या, म्हणजे जवळपास गिटारवादकाचेच काम. एका रात्रीच्या झोपेनंतर, मधे काहीही सराव न करता, त्यांचा वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढला. वय वाढते तसा हा फायदा कमी होतो. म्हणून मध्यम वयात तीच चाल जास्त दिवस गिरवावी लागते, आणि ती सुरुवातीपासून बरोबर गिरवावी लागते. घाईत चुकीची पडलेली करंगळीसुद्धा मेंदू तितक्याच निष्ठेने लक्षात ठेवतो. चूक होणार नाही इतका मेट्रोनोम (टिकटिक करून लय देणारे यंत्र) हळू लावा, कितीही हळू वाटला तरी. मनगटात कळ आली किंवा बोटे बधिर झाली, तर मात्र त्या दिवशी थांबा.

आणि सराव पहिल्या फ्रेटपासून सुरू करू नका. प्रत्येक फ्रेटवरच्या स्वराची कंपनसंख्या आधीच्याच्या सुमारे १.०६ पट असते, त्यामुळे फ्रेट पुढे पुढे जवळ येत जातात. तारेची लांबी ६५ सेंटीमीटर असेल, तर पहिल्या पट्टीपासून चौथीपर्यंतचे अंतर सुमारे ९.८ सेंटीमीटर भरते, पाचवीपासून आठवीपर्यंतचे ७.७. चार बोटांचा, फ्रेटमागे एक बोट असा व्यायाम पाचव्या फ्रेटपासून घ्या. करंगळी तिथे सैल, न ताणता बसू लागली की एकेक फ्रेट पहिल्याकडे सरका.