भिंतीतलं सॉकेट आणि मोडेमचा फोन पोर्ट: दिसायला सारखे, काम उलटं

घरी फायबर इंटरनेट घेतलं की मोडेमच्या मागे एक छोटं सॉकेट असतं, त्यावर टेल किंवा फोन लिहिलेलं असतं, आणि ते आपल्या भिंतीवरच्या जुन्या लँडलाईनच्या सॉकेटसारखंच दिसतं. तीच पिन, तीच दोन तारांची वायर. मग वाटतं की दोन्हीमध्ये एक वायर टाकली की सगळ्या खोल्यांतले फोन सुरू. तसं होतंही, पण आधी एक काम करावं लागतं आणि तेच नेमकं राहतं.

भिंतीतल्या सॉकेटमध्ये डायल टोन बाहेरून येते. टेलिफोन एक्सचेंज, तिथून केबल, मग डीपी म्हणजे बाहेरची जोडण्यांची पेटी, खांबावरून घरात आलेली ड्रॉप वायर आणि घरातला रोझेट, म्हणजे तारा स्क्रूने जोडायची भिंतीवरची छोटी डबी. त्या तारांवर साधारण 48 व्होल्ट डीसी कायम असतो, तो एक्सचेंजच्या बॅटऱ्यांमधून येतो, म्हणून पूर्वी लाईट गेली तरी फोन चालायचा. मोडेमचा फोन पोर्ट म्हणजे घरातलं छोटं एक्सचेंज समजा, तो स्वतः व्होल्टेज देतो, स्वतः टोन देतो, रिंगही तोच पाठवतो आणि आवाज मात्र इंटरनेटवरून जातो. म्हणजे दोन्ही देणारेच! टाकीतून घरात पाणी सोडायचं तर नगरपालिकेचा कॉक आधी बंद करतो ना, तसंच इथे बाहेरची लाईन आधी तोडायची. जुनी लाईन चालू असताना दोन्ही जोडले आणि तिच्यावर रिंग आली, जी 75-90 व्होल्ट एसीच्या आसपास असते, तर मोडेमचा पोर्ट जळू शकतो.

आणि लाईन डेड आहे म्हणून सोडून देऊ नका, हे मी अनुभवाने सांगतोय. आमच्या साताऱ्याच्या घरी जुनी लाईन बंद होऊन वर्ष झालं होतं, म्हणून मी मोडेममधून वायर काढून सरळ हॉलच्या सॉकेटात घातली, स्वयंपाकघरातला फोन वाजला, वरच्या मजल्यावरचाही वाजला, आई खूश, उन्हाळाभर काही त्रास नाही. जूनमध्ये पाऊस लागला आणि फोन कायम एंगेज, मावशी पुण्याहून दिवसभर लावतेय आणि इकडे कुणी रिसीव्हर उचललेलाच नाही. शेवटी रोझेट उघडला तर प्रत्येक स्क्रूखाली दोन-दोन तारा, एक घरातली आणि एक बाहेरच्या काळ्या ड्रॉप वायरची, आणि स्क्रूवर हिरवट थर. ती काळी वायर अजून खांबापर्यंत गेलेली, तिच्या जॉइंटमध्ये पाणी शिरलं होतं, दोन तारांमधून करंट वाहत होता आणि मोडेमला वाटत होतं की फोन उचललेला आहे. काळ्या वायरची दोन टोकं सोडवली, दोन्हीला वेगवेगळी टेप लावली, टोन लगेच आली. विजांच्या दिवसांतसुद्धा बाहेरची एवढी लांब तार मोडेमला जोडलेली नसणंच बरं.

म्हणून मोडेम लावायच्या आधी मल्टीमीटर डीसी 200 वर ठेवून भिंतीतल्या दोन तारांवर बघा, 48 च्या आसपास दाखवलं तर लाईन जिवंत आहे. काही नाही दाखवलं तरी पहिल्या रोझेटमध्येच बाहेरची जोडी सोडवा. जुन्या ब्रॉडबँडचा स्प्लिटर, म्हणजे फोन आणि इंटरनेट वेगळं करणारी डबी, मध्ये असेल तर तोही काढा. मग मोडेमचा फोन पोर्ट ते जवळचं भिंतीचं सॉकेट, दोन्हीकडे पिन असलेली साधी वायर. फोनची छोटी पिन लॅनच्या मोठ्या सॉकेटातही बसते बरं का, पण बसते म्हणून घालू नका, कडेचे पॉइंट वाकतात.

एकाच लाईनवर पॅरलल फोन दोन-तीन ठीक, त्यापेक्षा जास्त झाले आणि घंटी बारीक वाजायला लागली तर एखादा काढा. फिरवायच्या डायलचा जुना फोन असेल तर त्यावर येणारा कॉल बहुतेक घेता येईल, पण बऱ्याच मोडेमना त्याचं डायलिंग कळत नाही. जुना नंबर फायबरवर येतो का ते आधी विचारा आणि तो येईपर्यंत जुनी लाईन सरेंडर करू नका, तीस वर्षं सगळ्या नातेवाईकांना पाठ असलेला नंबर एकदा गेला की गेला. आणि लँडलाईनवरून मोबाईलला आधी 0 लावायचा हा 15 जानेवारी 2021 पासूनचा नियम फायबरच्या लँडलाईनलाही आहे, नाहीतर फोन लागत नाही म्हणून उगाच वायरिंग तपासत बसाल.

राहिला लाईटचा प्रश्न. आता एक्सचेंजच्या बॅटऱ्या मदतीला नाहीत, मोडेम बंद तर सगळ्या खोल्यांतले फोन बंद. आम्ही मोडेमचा प्लग इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घेतला, कारण आई एकटी असते आणि रात्री लाईट गेली तर तिला अंधारात मोबाईल सापडत नाही, पलंगाशेजारचा फोन मात्र हात लांब केला की सापडतो.